मेरेवरचे प्रेक्षक

खेळ पाहण्याची किंमत केवळ तिकिटावर छापलेली नसते. घरापासून मैदानापर्यंतची वाट, वाटेतली नदी आणि परतीची वेळ यांचाही हिशेब कुटुंबाला मांडावा लागतो. पेडणे तालुक्यातील मोरजी गावातून गोव्याच्या फुटबॉलकडे पाहिले, म्हणजे हा हिशेब स्पष्ट होतो.

फुटबॉल गोव्यात आला तो मोरजीच्या जवळच. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स हे ख्रिस्ती धर्मगुरू प्रकृतिस्वास्थ्यासाठी शिवोलीस येऊन राहिले आणि त्यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकविला. शिवोली आणि पेडणे महाल यांच्यामध्ये शापोरा नदीचे पात्र. परंतु त्या पात्राच्या दोन तीरांवर दोन निराळे इतिहास नांदत होते. शिवोली जुन्या काबिजादीतील बार्देशात. मोरजी १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलेल्या नव्या काबिजादीत. अलीकडे नव्या खेळाला चर्चच्या शाळांचा आश्रय मिळाला. पलीकडे गावाची करमणूक देवळाभोवती गुंफलेली होती. जत्रेतील दशावतार पाहावयास आजीपासून नातवापर्यंत सारे घर लोटे आणि कोणी कोणाकडे तिकीट मागत नसे.

फुटबॉल नदीपार झाला तेव्हा त्याला हा प्रेक्षकवर्ग आयताच लाभला. मैदानाची सोय शेतीच्या वेळापत्रकाने केली. सरदीचे पीक पावसाळ्याअखेर निघते, वायंगणाचे उन्हाळ्याच्या तोंडाशी. मे महिन्यात, म्हणजे शाळांच्या सुट्टीत, शेते रिकामी आणि जमीन टणक. दोन बांबू रोवले की गोल उभा राहिला. मेर हीच प्रेक्षकांची बैठक. ऊन उतरल्यावर सामना सुरू व्हावा आणि दिवेलागणीस मंडळी पायी घरी परतावी, एवढाच त्या सहलीचा खर्च.

मोठ्या खेळाची वाट मात्र दूर होती. १९५९ साली गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली, १९६१ साली गोवा मुक्त झाला, आणि पुढे खाण-उद्योजकांच्या संघांनी या खेळास देशभर कीर्ती मिळवून दिली. १९८९ साली मडगावनजीक फातोर्ड्याचे भव्य क्रीडांगण उभे राहिले. परंतु मोरजीकराला तेथे जाण्यासाठी शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या ओलांडणे प्राप्त होते. १९८६ साली मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा नदी म्हणजे काय याची आठवण उत्तरेकडील लोकांना पुन्हा झाली. पुढे पूल झाले, म्हापशाचे धुळेर मैदानही आटोक्यात आले. तथापि चार माणसांचे प्रवासभाडे आजही तिकिटाहून जड पडू शकते. आणि सामना रात्री सुटला की परतीची चिंता असतेच.

आता नद्यांचा अडसर ओसरला असताना दुसरीच अडचण उभी आहे. किनाऱ्यावरील पर्यटनाने मोरजीच्या जमिनीस मोल आले आणि सपाट, मोकळ्या जागेवर सर्वांची दृष्टी पडली. क्रीडांगण सरकारला बांधता येते, पूलही बांधता येतो. परंतु घरापासून हाकेच्या अंतरावरील रिकामे शेत एकदा कुंपणाआड गेले, की मेरेवर बसणारा प्रेक्षक पुन्हा निर्माण करणे कोणत्याही खात्याच्या हाती राहत नाही. विजेते संघ मोठ्या मैदानावर दिसतात. खेळाची आवड मात्र मुलाला आईबापांच्या शेजारी बसून, बहुधा फुकटच, लागत आली आहे.