बोडलीचे ग्रंथालय आणि नाटकांची पुस्तके

ग्रंथालयाचे मोठेपण त्याने किती ग्रंथ जमविले यावरून ठरविण्याची आपली रीत आहे. त्याने काय टाकून दिले, हे सहसा कोणी विचारीत नाही. पदव्युत्तर पातळीवर शेक्सपिअरकालीन इंग्रजी नाटकाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. पदवीपर्यंत ‘हॅम्लेट’ म्हणजे एक सलग, निःसंदिग्ध संहिता असते. पुढे कळते की, १६०३, १६०४-०५ आणि १६२३ अशी तिची तीन मुद्रित रूपे असून ती परस्परांशी जुळत नाहीत. १६०३ ची प्रत दुसऱ्या प्रतीच्या निम्म्याहून थोडीच मोठी आहे. तीत पोलोनियसचे नावसुद्धा निराळे आहे. ही प्रत १८२३ मध्ये सफोकमधील एका वाड्यातील कपाटात सापडेपर्यंत विद्वानांना ठाऊकच नव्हती.

असे का व्हावे? याचे उत्तर ग्रंथालयांच्या इतिहासात आहे. ऑक्सफर्डचे सर टॉमस बोडली यांचे ग्रंथालय १६०२ मध्ये खुले झाले. १६१० मध्ये लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाने प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत या ग्रंथालयास विनामूल्य देण्याचे मान्य केले. अशी सुसंधी लाभूनही बोडलींनी १६१२ मध्ये आपल्या ग्रंथपालास बजावले की, पंचांगे, नाटके असला केरकचरा संग्रहात नको. चाळीस नाटकांत ठेवण्याजोगे एखादेही मिळणे कठीण. बोडलींना अरसिक म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी नाटकाचे पुस्तक म्हणजे बहुधा बिनबांधणीचे, अल्प किमतीचे चोपडे असे. धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांशेजारी ते ठेवणे विद्वानांना शोभणारे वाटत नव्हते.

शेक्सपिअरच्या निधनानंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, हेमिंग्ज आणि काँडेल या त्याच्या सहकारी नटांनी ३६ नाटकांचा भव्य संग्रह सिद्ध केला. त्यांपैकी १८ नाटके तत्पूर्वी छापलीच गेली नव्हती. ‘मॅक्बेथ’, ‘ज्यूलियस सीझर’ आणि ‘टेम्पेस्ट’ ही त्यांतलीच. या संग्रहाची एक प्रत बोडलीच्या ग्रंथालयात आली. १६२४ मध्ये तिची बांधणी झाली आणि तत्कालीन प्रथेप्रमाणे ती साखळीने फळीला जखडली गेली. पुढे १६६४ मध्ये सात नाटकांची भर घातलेली तिसरी आवृत्ती निघाली. नवी आली, तेव्हा जुनी कशाला, अशा विचाराने ती पहिली प्रत बाहेर गेली असावी; १६७४ च्या सूचीत तिचा उल्लेख नाही. वाढीव सातांपैकी ‘पेरिक्लीज’ वगळता एकही नाटक आज शेक्सपिअरचे मानले जात नाही!

१९०५ मध्ये एका विद्यार्थ्याने आपल्या घरातील एक जीर्ण ग्रंथ बांधणीविषयी सल्ला घेण्यासाठी त्याच ग्रंथालयात आणला. जुन्या बांधणीवरून आणि साखळीच्या खुणांवरून ग्रंथालयाने आपली हरवलेली प्रत ओळखली. ती परत मिळविण्यासाठी १९०६ मध्ये लोकवर्गणीतून ३००० पौंड उभारावे लागले. या प्रतीचे एक वैशिष्ट्य हृद्य आहे. वाचकांच्या हातांनी तिची सर्वाधिक झिजलेली पाने ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’ची आहेत. ज्याला संस्थापकाने केरकचरा म्हटले, ते तरुण वाचकांनी पाने झिजेपर्यंत वाचले होते.

या इतिहासाशी आपला संबंध दूरचा नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये मराठीत आणले, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. मराठी संगीत नाटकाने तर पदांच्या छोट्या पुस्तिकांची एक मोठी परंपराच निर्माण केली. नाट्यगृहाच्या दारात विकल्या जाणाऱ्या त्या पुस्तिका चोपडीवजाच असत. कोणती पदे छापली गेली, कोणती गळली, पात्रे कोणी रंगविली, हे उद्याच्या अभ्यासकाला त्यांतूनच कळणार आहे. नव्या, देखण्या समग्र आवृत्तीत ते सारे सापडेलच असे नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने सभासद व आश्रयदाते यांना एक विनंती. कपाटे मोकळी करताना निर्लेखनाची यादी सिद्ध होईल, तेव्हा तीतील नाटकांची आणि पदांची जीर्ण पुस्तके एकवार बाजूला काढून तपासावीत. दुसरी प्रत आहे, एवढ्याच कारणाने पहिलीवर फुली मारू नये. ऑक्सफर्डला आपली प्रत अडीच शतकांनी पुन्हा मिळाली. तसे भाग्य प्रत्येक ग्रंथालयाच्या वाट्याला येत नाही.