स्वावलंबनाचा दुसरा अर्थ

स्वावलंबनाची थोरवी आपल्या घरांतून मुलांस लहानपणापासून ऐकविण्यांत येते. आपलें ताट आपण उचलावें, आपलें अंथरूण आपण घालावें, दुसऱ्याच्या हाताकडे पाहूं नये, हें त्या उपदेशाचें सार होय. उपदेश चांगलाच आहे. परंतु ज्याचा हातच उचलत नाहीं त्यानें काय करावें, याचें उत्तर त्यांत सांपडत नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत एका मुलानें व त्याच्या आईनें या प्रश्नाचा जो पाठपुरावा केला, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

एड रॉबर्ट्स याचा जन्म १९३९ सालचा. १९५३ मध्यें, वयाच्या चौदाव्या वर्षीं, त्यास पोलिओ झाला. साल्क यांची लस सार्वत्रिक उपयोगांत आली ती १९५५ मध्यें. अवघें दोन वर्षांचें अंतर! मानेखालीं एका हाताचीं दोन बोटें आणि पायांचीं कांहीं बोटें, एवढेंच काय तें त्याच्या ताब्यांत उरलें. श्वासासाठीं त्यास लोखंडी पेटीसारख्या यंत्रांत निजावें लागे. मुलगा वांचला तरी वनस्पतीसारखा पडून राहील, असें डॉक्टरांनीं आईस सांगितलें. रॉबर्ट्स पुढें थट्टेनें म्हणत कीं, वनस्पतीच व्हावयाचें तर आर्टिचोक व्हावें : बाहेरून कांटे आणि आंत मोठा गाभा. आपल्याकडील मनुष्य असता तर त्यानें फणसाचें नांव घेतलें असतें!

पण ही थट्टा पुढची. त्या वेळीं त्यानें अन्न सोडून मरण्याचा निश्चय केला होता. परिचारिका त्यास बळेंच भरवीत. शेवटची खाजगी परिचारिका निघून गेली, भरविण्याचा आग्रह करणारें कोणी उरलें नाहीं, आणि त्याच वेळीं तो आपण होऊन खाऊं लागला. घास पूर्वींप्रमाणेंच दुसऱ्याच्या हातचा. मात्र तो घ्यावा कीं न घ्यावा हा निर्णय आतां त्याचा होता. प्रस्तुत लेखकास पुढील सर्व इतिहासाचें बीज या एका प्रसंगांत दिसतें.

त्याची आई झोनाबाई ही विलक्षण स्त्री होती. मुलगा घरीं पडल्या पडल्या टेलिफोनवरून शाळेंतील धडे ऐके. तेवढ्यावर तिचें समाधान होईना. लोक टक लावून पाहतील या भीतीनें तो घराबाहेर पडण्यास नाखूष, तर ही त्यास शाळेंत नेण्याचा हट्ट धरून बसलेली. अभ्यासक्रम पुरा झाला, तेव्हां शाळेनें प्रमाणपत्र नाकारलें. कारण काय, तर मोटार चालविण्याचें शिक्षण व व्यायाम हे दोन विषय त्यानें पुरे केलेले नाहींत! नियमावर नजर ठेवून मनुष्याकडे पाठ फिरविण्याची ही कला कोणत्याही एका देशाची मिरास नव्हे. झोनाबाईंनीं शाळामंडळापर्यंत दाद मागितली आणि प्रमाणपत्र मिळविलें.

१९६२ मध्यें तो बर्कली येथील विद्यापीठांत गेला. अशा विद्यार्थ्यांचा प्रयोग पूर्वीं फसलेला आहे, असें तेथील एका अधिकाऱ्यानें ऐकविलें. प्रांताच्या पुनर्वसन खात्यानें तर, हा इतका अपंग आहे कीं कधींच नोकरी करूं शकणार नाहीं, म्हणून प्रथम पैसे नाकारले. वर्तमानपत्रांत गवगवा झाला तेव्हां खातें नमलें. यंत्राचें वजन सुमारें आठशें पौंड. वसतिगृहाच्या जमिनीस तें पेलेना. म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयांत त्याची सोय झाली. पुढल्या वर्षीं जॉन हेसलर आला, आणि दशकाच्या अखेरीस तेथें डझनभर असे विद्यार्थी झाले. हे रोगी नव्हते. पण राहात होते रुग्णालयांत. रात्रीच्या रात्री वाद करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपली अडचण शरीरांत आहे त्याहून अधिक जिन्यांत, रस्त्याच्या कडेला आणि सरकारी कचेरींत आहे. याच काळांत एका तरुणीवर रॉबर्ट्सचें प्रेम बसलें, आणि खुर्ची ढकलणारा तिसरा मनुष्य नेहमींच हजर! विजेवर चालणारी खुर्ची तो तेव्हां चटकन शिकला.

१९७२ मध्यें या मंडळींचें ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ बर्कलींत उभें राहिलें. मदतनीस मिळवून देणें, खुर्च्या दुरुस्त करणें, राहण्यास घर शोधणें, अशीं साधीं कामें. परंतु तीं चालविणारे स्वतः अपंग होते. मदतनीस कोण असावा, तो केव्हां यावा, त्यानें काय करावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. कपडे दुसऱ्यानें चढविले म्हणून मनुष्य परावलंबी होत नाहीं. कोणते चढवावयाचे हें दुसरा ठरवूं लागला म्हणजे होतो. झोनाबाईही तेथें काम करूं लागल्या. ज्या आईनें मुलासाठीं जगाशीं भांडण केलें, तिला एके दिवशीं त्याच्या दिनचर्येंतून आपला हात काढून घ्यावा लागतो, आणि हें भांडणाहून कठीण आहे. अपंग मुलास कुटुंबाइतकें जपणारें कोणी नाहीं, तसें नकळत बांधून ठेवणारेंही नाहीं.

१९७५ मध्यें गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीं रॉबर्ट्स यांस ज्या पुनर्वसन खात्यानें नाकारलें होतें त्याच खात्याचे मुख्य नेमलें. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनीं अपंगांस वगळूं नये असा कायदा १९७३ मध्यें झालाच होता; त्याच्या नियमांवर मात्र सही होईना. तेव्हां ५ एप्रिल १९७७ रोजीं ज्यूडिथ ह्यूमन, किटी कोन प्रभृति सुमारें दीडशें लोक सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतींत शिरून ठाण मांडून बसले. टेलिफोन तोडले, तेव्हां बहिऱ्यांनीं खिडकींतून हातवाऱ्यांच्या भाषेंत बाहेर निरोप पोंचविले; ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनीं जेवण पुरविलें. २८ एप्रिल रोजीं मंत्री कॅलिफानो यांची सही झाली.

१९९५ च्या मार्चमध्यें रॉबर्ट्स वारले. त्यांची खुर्ची वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयांत ठेवलेली आहे. तिला मोटारीसारखें आसन आहे, मागें श्वसनयंत्रासाठीं जागा आहे, आणि मोटार चालविण्याचा विषय राहिला म्हणून ज्याचें प्रमाणपत्र अडविलें होतें त्याच्या या खुर्चीस रात्रीच्या प्रवासासाठीं पुढें एक दिवा बसविलेला आहे.