पाव, चावी, नाताळ: आपल्या घरातली लॅटिन

आजची गोष्ट सुरू होते पनवेलमध्ये, वडापावच्या गाडीवर.

'पाव' शब्द अगदी मराठी वाटतो ना? पण तो पोर्तुगीजांकडून आलाय. त्यांनी १५१० साली गोवा घेतला, १५३४ साली वसई मिळवली. आपल्या पनवेलजवळचा कर्नाळा किल्लासुद्धा १५४०च्या सुमारास काही काळ त्यांच्या हातात होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, शब्द मात्र राहिले: पाव, चावी, पगार, नाताळ.

आता गंमत बघा. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. इंग्रजीनेही लॅटिनकडून, बरेचदा फ्रेंचमार्गे, ढिगाने शब्द उचललेत. म्हणजे आपल्या चावीची आणि कितीतरी अवघड इंग्रजी शब्दांची आजी एकच!

पाव म्हणजे लॅटिन 'पानिस'. 'कॉम' म्हणजे सोबत. मग 'कंपॅनियन' कोण? ज्याच्यासोबत आपण भाकरी खातो तो. 'कंपनी'सुद्धा त्याच घरातली.

चावी म्हणजे 'क्लाविस'. मे २०२५मध्ये नवे पोप निवडले गेले, तेव्हा बातम्यांत 'कॉन्क्लेव्ह' ऐकलंत? मूळ अर्थ, चावीने बंद होणारी खोली. बायोलॉजीतलं 'क्लॅव्हिकल', गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे छोटी चावी.

नाताळ म्हणजे 'नातालिस', जन्माचा. दवाखान्यात 'निओनेटल' अशी पाटी दिसली तर गोंधळू नका. 'निओ' हे ग्रीक, म्हणजे नवं. नवजात बाळांचा विभाग! आणि 'नेटल'मागचा जुना लॅटिन शब्द 'ग्नातुस' हा आपल्या 'जात'चा, म्हणजे जन्मलेल्याचा, सख्खा भाऊ. संस्कृत आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात मांडलं होतं.

एक सावधगिरी. दिसायला सारखं म्हणजे नातेवाईक असं नाही. 'पॅन्डेमिक'मधला 'पॅन' ग्रीक आहे, अर्थ 'सर्व'. तिथे पावाचा काही संबंध नाही. म्हणून आधी अंदाज बांधा, वाक्यात बसतो का बघा, मग डिक्शनरी उघडा.

इंग्रजीचा पेपर कोरा सोडून येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं: तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही आहात.

जाता जाता गृहपाठ. पनवेल स्टेशन म्हणजे 'जंक्शन'. लॅटिन 'युंगेरे', जोडणे. संस्कृत 'युज्', त्यातून 'योग'. आता 'कंजंक्शन'चा अर्थ तुम्हीच सांगा. भेटू पुढच्या भागात!