पाणचक्कीचा हौद

औरंगाबादची पाणचक्की पाहून आलेला मनुष्य बहुधा दोनच गोष्टी सांगतो: उंच भिंतीवरून हौदांत पडणारें पाणी आणि मलिक अंबराची अक्कल. यांपैकीं पहिली त्यानें पाहिलेली असते, दुसरी केवळ ऐकलेली. ही ऐकीव गोष्ट थोडी तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें राजधानी वसविली आणि जमिनीखालून नहर काढून तिला पाणी दिलें, हें खरें. हीच खडकी पुढें औरंगाबाद झाली व २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखली जाते. परंतु अंबर १६२६ सालींच वारला. निजाम सरकारनें १८८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या गॅझेटिअरांत पाणचक्कीच्या बांधकामाचें श्रेय तुर्कताजखान या सरदाराला दिलें असून काळ सुमारें १६९५ असा सांगितला आहे. लांबट हौद व कारंजीं यांची भर जमील बेगखानानें त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं घातली. म्हणजे अंबर आणि ही चक्की यांच्यामध्यें जवळजवळ सत्तर वर्षांचें अंतर पडतें.

हें सर्व काम झालें तें बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या नक्शबंदी साधूच्या तकियासाठीं. उत्तरेकडील डोंगरांतील पाणी मातीच्या नळांतून येई. नळांत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून वाटेंत चुनेगच्ची मनोरे उभारलेले असत. तें पाणी आपल्याच दाबानें भिंतींत वर चढे. पाण्याच्या जोरानें खालचें पात्यांचें चक्र फिरे, त्याबरोबर वरचें जातें फिरे, आणि फकीर व वाटसरू यांच्या पुरतें पीठ निघे. हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत असल्यामुळें तेथें उन्हाळ्यांतहि गारवा राही. इतकीं कामें करून उरलेलें पाणी खाम नदीला मिळे. आझाद बिलग्रामीसारखा विद्वान् कवि या तकियांत कित्येक वर्षें राहिला, यांत नवल नाहीं.

मग अंबराचें नांव सर्वस्वीं खोटेंच काय? तसें म्हणवत नाहीं. जमिनीखालून पाणी खेळविण्याची जी रीत त्यानें या गांवाला लावून दिली, तीच पुढच्यांनीं चालविली. तथापि सारें श्रेय त्या एका पुरुषाला दिलें, कीं पुढील सरदार, गवंडी आणि नळ भाजणारे कुंभार हे सर्व विस्मृतींत जातात, आणि आपल्याकडे वाहवा करण्यापलीकडे कांहीं काम उरत नाहीं. आज नहरींच्या मार्गावर घरें उठलीं आहेत, नळांत झाडांचीं मुळें शिरलीं आहेत. आणि आपण मात्र हौदाच्या कांठीं उभे राहून भिंतीकडे पाहतों. हा हौद पिढ्यांनीं मिळून राखलेला आहे असें एकदां मनांत ठसलें, म्हणजे भिंतीमागच्या त्या नळांची चौकशी करणें हें आपलेंहि कर्तव्य ठरतें.