अशनी कुठून आली? व्हिडिओवरून कक्षा कशी काढतात

22 मे 2012 च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. आकाशात जळताना दिसते ती उल्का. तिचा जमिनीवर पोचलेला तुकडा म्हणजे अशनी. तपासणीत काटोलची अशनी एल6 प्रकारची निघाली. 2024 च्या एका संशोधनानुसार एल प्रकारच्या बहुतेक अशनी मॅसालिया या लघुग्रहाच्या कुटुंबातून येतात. म्हणजे कूळ कळलं. पण नेमका हाच दगड कोणत्या वाटेने आला, हे दगड सांगत नाही. त्यासाठी तो पडतानाचं रेकॉर्डिंग लागतं.

कक्षा कशी निघते?

1. एका कॅमेऱ्यातून फक्त दिशा कळते. दूरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची दिशा जोडली, की उंची आणि मार्ग मिळतो.
2. दर फ्रेममध्ये उल्का किती सरकली, यावरून वेग निघतो.
3. पृथ्वी स्वतः सेकंदाला साधारण 30 किमी वेगाने फिरते, शिवाय दगडाला ओढते. हा परिणाम वजा केला, की दगडाची सूर्याभोवतीची कक्षा उरते.

फोटोंवरून अशी कक्षा मिळालेली पहिली अशनी 1959 ची, चेकोस्लोव्हाकियातल्या प्रिब्रामची. 2013 मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कला गाड्यांमधले कॅमेरे कामी आले.

किती मागे जाता येतं?

कॉम्प्युटरवर काळ उलटा चालवतात. पण गुरू आणि इतर ग्रहांच्या ओढीमुळे सुरुवातीची छोटी चूकही वाढत जाते. म्हणून आकडे किंचित बदलून हजारो काल्पनिक दगड मागे सोडतात. उत्तर मिळतं ते शक्यतेच्या रूपात. नुसती कक्षा जुळणं पुरेसं नाही. 2002 मध्ये जर्मनीत पडलेल्या नॉयश्वानस्टाइन अशनीची कक्षा प्रिब्रामसारखीच होती, पण दगडांचा प्रकार वेगळा!

तुम्ही काय कराल?

- मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केल्यावर क्वालिटी घटते आणि तारीख-वेळेची माहिती बऱ्याचदा निघून जाते.
- उभे होता ती जागा मॅपवर सेव्ह करा.
- सीसीटीव्हीचं घड्याळ मोबाइलशी ताडून फरक लिहून ठेवा.
- नंतर त्याच जागेवरून रात्री ताऱ्यांसह फोटो घ्या.

आमच्या शांती नगरात इमारतींच्या मधून आकाशाची पट्टीच दिसते. तरी चालतं, गच्चीचा कोपरा फ्रेममध्ये असला, की दिशा मोजता येते. दुसरा व्हिडिओ नाशिकहून कुणाकडे तरी असेल. दोन्ही जुळले, तर दगडाची वाट सापडू शकते.