सम्राज्ञीचा पुनर्विवाह

अठराव्या शतकातील कोरियात चे जेगोंग नावाचे एक विद्वान मंत्री होते. सोल नगरात भाड्याने मिळणाऱ्या कादंबऱ्यांवर त्यांचा भारी राग. या पोथ्यांपायी बायका घरकाम विसरतात, भाड्यासाठी केसांतले काटे अन् बांगड्यासुद्धा विकतात, अशी त्यांची तक्रार! त्या बायकांच्या पणत्या-खापरपणत्या आज मोबाइलवर हप्त्याहप्त्याने रंगीत चित्रकथा वाचतात. तिला तिकडे ‘वेबटून’ म्हणतात.

त्यांतलीच एक ‘पुनर्विवाहित सम्राज्ञी’. अल्फाटार्ट या टोपणनावाने लिहिलेली ही कादंबरी २०१८ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिची चित्रकथा निघाली. सम्राट सोव्हिएशू राश्ता नावाच्या पळून आलेल्या दासीच्या प्रेमात पडतो. राणी नाविएला तूर्त घटस्फोट द्यावा, वर्षभराने परत आणावे, असा त्याचा हिशेब. राणी धर्मगुरूंपुढे घटस्फोट मान्य करते आणि तिथल्या तिथे शेजारच्या राजाशी, हाइन्रीशी, विवाहाची परवानगी मागते!

झगे, मुकुट, राजवाडे सारे युरोपी थाटाचे. पण ‘पुनर्विवाह’ या शब्दामागे मला कोरियाचा स्वतःचा इतिहास दिसतो. १४७७ साली राजा सोंगजोंगने हा प्रश्न दरबारापुढे ठेवला. बहुतेक मंत्री दुसऱ्या विवाहापुरते उदार होते. राजाने मूठभर कर्मठांचे ऐकले. १४८५च्या विधिसंहितेने पुनर्विवाहितेच्या मुला-नातवांना राज्याच्या परीक्षांची दारे बंद केली. शिक्षा आईला नव्हे, लेकराला! कोणती आई मग दुसरे लग्न करील? १८९४च्या सुधारणांनी विधवेला मोकळीक दिली. तरी घराचे प्रमुखपण पुरुषांच्या वारशाने चालवणारी ‘होजू’ पद्धत थेट १ जानेवारी २००८ रोजी संपली. तोवर पुनर्विवाहितेच्या मुलाला सावत्र बापाचे आडनावही लावता येत नसे.

कायदा असा कठोर असता कथा मात्र धीट होत्या. जोसोन राजवटीच्या उत्तरकाळातील होंग ग्येवोलची गोष्ट घ्या. पुरुषवेषात ती परीक्षा जिंकते, सेनापती होते आणि नवऱ्यालाच हाताखाली वागवते. त्याची रखेली तिला मान देत नाही, तेव्हा ती तिचा शिरच्छेद करविते.

इथे माझे मन अडखळते. नाविएच्या कथेतही राश्ताच्या वाट्याला शेवटी कैद अन् मरणच येते. तिचे अपराध खरे आहेत. पण तिला न कुळ, न शिक्षण, न माहेर. आश्रय मिळवायचा तर पुरुषाची मर्जी एवढेच तिच्या हाती. राणीपाशी निदान मागण्याजोगा दुसरा मुकुट तरी होता!

म्हणून अशी कथा हाती आली, की नायिका कशी सुटली एवढेच मी पाहत नाही. तिच्या सुटकेत दासीचे काय झाले, हेही पाहतो. नाविएने परवानगी मागितली, ही पाचशे वर्षांच्या अन्यायाला दिलेली खणखणीत चपराक आहे. राश्तालाही काही मागता येईल अशी कथा मात्र अजून लिहायची राहिली आहे, असे मला वाटते.