पेरोव्स्काइट सौरघट
पेरोव्स्काइट खनिजासारखी स्फटिकरचना असलेल्या हॅलाइड संयुगाचा पातळ थर प्रकाश शोषण्यासाठी वापरणारा सौरघट. २००९ मध्ये जपानमधील त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमता मिळवली. पंधरा वर्षांत ती २६ टक्क्यांपुढे गेली. एवढा वेग या क्षेत्रात दुर्मीळच. खरी अडचण टिकाऊपणाची आहे. ओलावा व उष्णता लागली की मिथिलअमोनियम लेड आयोडाइड या हॅलाइड संयुगाचा काळपट थर विघटित होऊन पिवळे लेड आयोडाइड उरते. म्हणून मिथिलअमोनियमऐवजी बहुतांशी फॉर्मॅमिडिनियम आणि थोडे सीझियम वापरतात, स्फटिकांच्या पृष्ठभागावरील दोष योग्य रेणूंच्या लेपाने निष्क्रिय करतात व घट काचेत हवाबंद करतात. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवलेल्या जोडघटांनी ३३ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. मात्र उन्हापावसात पंचवीस वर्षे टिकण्याचा सिलिकॉनसारखा भरवसा त्यांना अद्याप मिळालेला नाही. फुटलेल्या घटातून लेड म्हणजेच शिसे जमिनीत झिरपू न देणेही तितकेच निकडीचे आहे.